रंगीत कॅमेरा हातात असताना सिनेमा कृष्णधवल का काढतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, आता मोबाइलवरसुद्धा इतके सुरेख रंग येतात, मग दिग्दर्शक मुद्दाम कृष्णधवल सिनेमा का काढतात? पैसे वाचतात म्हणून, की जुनं वाटावं म्हणून? मी ठाण्यात घोडबंदर रोडला मालिकांच्या सेटवर कॅमेरा विभागात काम करतो. मॉनिटरजवळ उभं राहून जे कळलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एक लघुपट केला. सकाळी सकाळी तलावपाळीला पोहोचलो. बाई लाल साडीत, मागे गर्द हिरवी झुडपं. नुसत्या डोळ्यांना ते दृश्य इतकं देखणं दिसत होतं की मी लाइटदादांना म्हटलं, काही लावू नका. मग मॉनिटर कृष्णधवलवर टाकला आणि बाई गायब! साडी आणि झुडपं एकाच राखाडी रंगात विरघळली होती, वर फक्त चेहरा तरंगत होता. लाइटदादांनी न बोलता मागून एक छोटा लाइट तिच्या खांद्यावर मारला आणि उजेड परतवायला समोरून थर्माकोल धरला. केसांवर, खांद्यावर उजेडाची बारीक कड आली आणि बाई झाडीतून सुटून पुढे आली.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या सकाळी मिळालं. लाल हिरव्यापासून वेगळा दिसायला आपल्याला काही करावं लागत नाही, रंगच ते काम करतो. तो काढून घेतला की प्रत्येक वस्तू दुसरीपासून उजेडाने सोडवावी लागते. मेहनत वाढते, पण प्रेक्षकाची नजर कुठे जाईल हे पुष्कळसं आपल्या हातात येतं. आपल्या स्टेशन रोडवर कॅमेरा लावा. निळी ताडपत्री, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, सगळे आधी डोळ्यात भरतात आणि माणूस मागे राहतो.

अनुभव सिन्हांचा ‘भीड’ (२०२३) पाहताना मला हे फार जाणवलं. विषय २०२० च्या टाळेबंदीत पायी घरी निघालेल्या मजुरांचा. त्या मे महिन्यात आम्ही माजिवड्याला नाशिक महामार्गाकडे जाणाऱ्यांना पाणी द्यायला उभे राहायचो. तेव्हाचे काही फोटो माझ्याकडे आहेत. गुलाबी ब्लँकेट, पिवळे कॅन, चकचकीत बॅगा. न सांगता दाखवले तर कोणी म्हणेल, जत्रेला निघालेत. सिनेमा पाहून आल्यावर मी त्या फोटोंतला एक कृष्णधवल करून पाहिला. एका माणसाचे पाय दिसले. तीन वर्षांत ते पाय मला त्या फोटोत दिसले नव्हते.

याची दुसरी बाजूही आहे आणि तिची मला काळजी वाटते. कृष्णधवलमध्ये दुःख देखणं होतं. सुरकुत्या, भेगा, धूळ यांचा पोत इतका सुंदर येतो की प्रेक्षक माणसाऐवजी फ्रेम बघायला लागतो. म्हणून एखादा विद्यार्थी ‘गंभीर वाटावं म्हणून ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणाला की मी त्याला थांबायला सांगतो.

जुनेपणाचं म्हणाल, तर तो हेतू असतोही. सुजय डहाकेंची २०२३ ची ‘श्यामची आई’ पाहताना अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट आठवतोच. पण आल्फोन्सो क्वारोनचा ‘रोमा’ (२०१८) पाहा. गोष्ट १९७० च्या सुमाराची, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या लहानपणातली, आणि चित्र मात्र आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचं, लख्ख, जुन्या फिल्मवर दिसणारे बारीक दाणे नसलेलं. जुन्या फिल्मची नक्कल त्यांनी केलीच नाही. मल्याळममधला ‘भ्रमयुगम्’ (२०२४) तर भीतीसाठी कृष्णधवल आहे. रंगीत चित्रात दिव्याचा उजेड पिवळा, उबदार दिसतो, बघणाऱ्याला धीर देतो. रंग गेला की ती ऊब जाते आणि अंधार उरतो.

आता पैशाचं. ‘रोमा’सारखे बरेच सिनेमे रंगीतच चित्रित होतात आणि रंग नंतर, डीआयच्या वेळी, म्हणजे संगणकावर चित्राचे रंग ठरवताना काढतात. खर्च तिथेही आहेच. ‘ओपनहायमर’साठी (२०२३) कोडॅकला ६५ मिमीची कृष्णधवल फिल्म खास तयार करावी लागली, कारण तशी फिल्म आधी नव्हतीच. शिवाय विकायची अडचण वेगळीच. ‘नेब्रास्का’च्या (२०१३) वेळी काही बाजारांसाठी रंगीत प्रतही तयार ठेवावी लागली होती.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र ही की कोणता रंग किती काळा होईल हे ठरवता येतं. ‘द लाइटहाउस’मध्ये (२०१९) खास बनवून घेतलेल्या फिल्टरने लाल प्रकाश जवळजवळ अडवला होता. फार जुन्या फिल्मला लाल दिसतच नसे, तसंच. आपल्या त्वचेत लाल भरपूर असतो, त्यामुळे दोन्ही नटांचे चेहरे काळवंडलेले, रापलेले, डागाळलेले दिसतात. मेकअपने हा परिणाम साधेल असं मला वाटत नाही.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर संध्याकाळी जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात जा. टोमॅटो आणि कोथिंबीर शेजारी ठेवलेल्या टोपलीचा फोटो काढा आणि तो नुसता कृष्णधवल करा. दोन्हींत फारसा फरक उरणार नाही. मग कृष्णधवलमध्ये रंगांच्या सरकत्या पट्ट्या (स्लायडर) देणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये लाल वर न्या आणि हिरवा खाली. टोमॅटो दुधासारखे पांढरे होतील आणि कोथिंबीर काळी पडेल.