४जी६३ इंजिनातले बॅलन्स शाफ्ट काढावेत का?

तुम्ही विचारलंय, जुन्या मित्सुबिशी एक्लिप्सचा (तिच्यात ४जी६३ हे चार सिलिंडरचं इंजिन आहे) टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा, बदलायची वेळ आलीच आहे, तर त्याच खर्चात बॅलन्स शाफ्ट, म्हणजे इंजिनाची थरथर शमवणारे दोन फिरते दांडे, काढून टाकू का, आणि पॉवर वाढेल का. पॉवरचं आधी सांगतो: वाढत नाही. इंजिनाच्या फेऱ्या जरा पटकन वाढतात, एवढंच. पॉवरसाठी शाफ्ट काढणारे स्वतःची समजूत घालत असतात.

शाफ्ट काढण्याचं खरं कारण एकच, तो आतला छोटा बेल्ट. एक शाफ्ट ऑइल पंपाच्या गिअरवर फिरतो, दुसरा या बेल्टवर, आणि दोन्ही क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दुप्पट वेगाने. इंजिन ७००० आरपीएमला असताना शाफ्ट १४००० ला असतात. छोटा बेल्ट तुटला की त्याचे तुकडे मोठ्या टायमिंग बेल्टात अडकतात, टायमिंग सुटतं आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

माझी १९९२ ची एक्लिप्स टर्बो मी मिशिगनमध्ये २००४ साली घेतली. टायमिंगचं कव्हर उघडलं तर छोट्या बेल्टची एक कड उसवलेली, धागे लोंबत होते. माझा रूममेट इचलकरंजीचा, वडिलांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप, लहानपण तिथेच गेलेलं. तो म्हणाला, "नवीन बेल्ट टाक आणि झाक. कंपनीने काय उगाच बसवलेत ते शाफ्ट?" मी ऐकलं नाही. इंजिन उतरवून एका शॉपला दिलं, पैसे मोजले, शाफ्ट काढून घेतले.

तिसऱ्या आठवड्यात हायवेवर पाऊण तास गाडी पळवून खाली उतरलो आणि सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दाबला की जायचा, सोडला की परत. घरी पोचेपर्यंत खालून टक टक टक सुरू झालं. ऑइल काढलं तर ट्रेमध्ये सोनेरी चमक पसरलेली. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं खरवडून आतलं तांबं दिसत होतं.

सगळं खोललं आणि शाफ्टच्या रिकाम्या पोकळीत टॉर्च मारला. ब्लॉकमध्ये शाफ्टची बेअरिंगं बसवलेली असतात आणि प्रत्येकाला ऑइल यायला एक भोक असतं. शाफ्ट काढला की ती बेअरिंगं ओढून काढायची आणि फिरवून परत ठोकायची, म्हणजे बेअरिंगच्या अंगाने ब्लॉकचं भोक बंद होतं. बाहेरचं शॉपवाल्यांनी फिरवलं होतं. सगळ्यात आतलं, जिथे बेअरिंग ओढायचा साधा पुलर पोचत नाही, ते तसंच होतं. भोकासमोर भोक. इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की तिथून सरळ इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत ओघळत होतं आणि क्रँकला उपाशी ठेवत होतं.

तेव्हापासून आजपर्यंत, दर गणपतीला मंडळात भेट झाली की रूममेट चारचौघांत सांगतो, "याने शाफ्ट काढले आणि इंजिन घालवलं." नाही. इंजिन शाफ्ट काढल्यामुळे गेलं नाही, बेअरिंग न फिरवल्यामुळे गेलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंजिनवाल्याच्या मुलाला हा फरक कळायलाच हवा. दुसरा ब्लॉक मी स्वतः केला. तिन्ही बेअरिंगं फिरवली, प्रत्येकात वायर घालून भोक बंद झालंय ना ते बघितलं. ऑइल पंपाचा गिअर पंपाकडच्या शाफ्टवरच बसलेला असतो, म्हणून तिथे आखूड स्टब शाफ्ट घातला. ते इंजिन शाफ्टशिवाय ६०००० मैल चाललं आणि मी गाडी विकली तेव्हाही सुरू होतं.

आता रूममेटच्या बाजूचंही सांगायला हवं. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन एकमेकांना तोलतात, पण पूर्ण नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होतो म्हणून पिस्टन वरच्या अर्ध्या फेरीत जास्त जोरात हिसका देतो आणि खालच्या अर्ध्या फेरीत कमी. त्यातून क्रँकच्या एका फेरीत दोनदा वर-खाली धक्का उरतो. आरपीएम दुप्पट केलं की तो चौपट होतो. शाफ्ट तोच धक्का शमवतात. ब्रिटिश इंजिनिअर लँचेस्टरने ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढली होती. मित्सुबिशीने १९७५ च्या सुमारास त्यात सुधारणा करून मोठ्या चार सिलिंडर इंजिनांत शाफ्ट बसवले, आणि पोर्शने ९४४ साठी मित्सुबिशीकडूनच लायसन्स घेतलं. तेव्हा कंपनीने उगाच बसवलेले नाहीत, हे खरं. शाफ्ट काढल्यावर ३५०० च्या पुढे माझा आरसा धूसर व्हायचा, एक्झॉस्टच्या क्लॅम्पचे बोल्ट दोनदा सैल झाले. आई सांगलीहून आली होती, ती मागे बसून म्हणाली, "पायाला मुंग्या येतायत रे." तुमची गाडी रोज ऑफिसला जाणार असेल तर काढू नका. दोन्ही बेल्ट आणि ते ताणून धरणारे दोन्ही टेन्शनर नवे टाका, आणि पुढे दर ६०००० मैलांना बदला. ट्रॅकवर नेणार असाल, इंजिन तसंही पूर्ण खोलणार असाल, तर खुशाल काढा. मी सांगतोय ते फक्त ४जी६३ बद्दल. नॅनोसारख्या दोन सिलिंडरच्या इंजिनातला बॅलन्स शाफ्ट क्रँकच्या एका फेरीत एकदा येणारा मूळ धक्काच शमवतो, त्याला हात लावू नका.

आणि गाडी आत्ताच थरथरते म्हणून शाफ्ट काढायचा विचार असेल, तर आधी एक तपासा. ऑइल पंपाच्या पुलीची खूण जुळलेली दिसते, पण आत शाफ्ट उलटा असू शकतो. खूण जुळवून ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढा, ८ मिमी जाडीचा स्क्रूड्रायव्हर आत घाला. ६० मिमीपेक्षा जास्त गेला तर शाफ्ट बरोबर आहे. २०-२५ मिमीवर अडला तर पुली एक पूर्ण फेरी फिरवून परत बघा. मागच्या वेळी बेल्ट बदलणाऱ्याने हे केलं नसेल, तर तुमचे शाफ्ट धक्का शमवण्याऐवजी वाढवतायत.