पाचशे फुटांचं घर मिळालं, पण सासूबाई रमत नाहीत

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले, आता नवीन टॉवरमध्ये राहायला आलोय. सासूबाई ७४ वर्षांच्या, लग्न होऊन आल्या त्या चाळीतच. आता दोन बेडरूम आहेत, घरात टॉयलेट आहे, लिफ्ट आहे, पण त्या दिवसभर खिडकीपाशी बसून असतात, जेवण कमी झालंय, रात्री झोप नाही. परवा म्हणाल्या, "मला पाहुण्यांकडे आल्यासारखं वाटतं गं." मिस्टर म्हणतात होईल सवय. या घरासाठी आम्ही इतकी वर्षं वाट बघितली आणि आता मला आनंद दाखवायचीसुद्धा चोरी झालीये. काय करू?
– एक सून, वरळी

उत्तर: आधी तुमच्याबद्दल बोलते. आनंद लपवू नका. १६० फुटांच्या खोलीत संसार केलाय तुम्ही, मोरीच्या बाजूला स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, पाहुणे, आजारपण सगळं तिथेच, आणि रात्री-अपरात्री पॅसेज ओलांडून कॉमन संडासला जाणं. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या इमारती, शंभर वर्षं लोकांनी त्यात काढली, आता हे घर तुमच्या हक्काचं आहे. चाळ किती छान होती असं लांबून म्हणणारे खूप भेटतील, त्यांना तिथे राहायचं नसतं.

आता सासूबाई. त्यांचं नक्की काय गेलं ते बघा म्हणजे काय करायचं ते आपोआप सुचेल. चाळीत एका मजल्यावर २० खोल्या, मध्ये लांब पॅसेज आणि दोन्हीकडे दारं, म्हणजे सकाळी नुसतं संडासला जाऊन यायचं तरी पाच-सात दारांवरून जायचं, कोणीतरी विचारणार गुडघा कसा आहे, कोणी म्हणणार काकू पाणी आलं का, कोणाची सून रुसलीये ते कळणार, चहा व्हायच्या आत दहा माणसांशी बोलणं झालेलं असायचं. त्यासाठी मुद्दाम कुठे जायला लागत नव्हतं! ती गैरसोयच होती आणि गेली ते चांगलं झालं, पण तिच्याबरोबर माणसं भेटण्याचं कारणही गेलं. आता सगळं दाराच्या आत आहे, त्यामुळे कोणाला कोणाच्या दारावरून जावंच लागत नाही. त्यात फ्लॅट सोडतीने मिळालेत, म्हणजे शेजारची काकू आता कुठल्या विंगला, कितव्या मजल्यावर तेही त्यांना माहीत नसेल. म्हणून मिस्टरांना सांगा, सवय आपोआप होणार नाही, भेटीगाठी आता ठरवून घडवायला लागतील.

तर पहिलं काम हे. त्यांच्या जुन्या मैत्रिणींपैकी एकीला शोधा, एकच पुरे. विंग, मजला, फ्लॅट नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या आणि पहिले काही दिवस स्वतः हाताला धरून घेऊन जा. लिफ्टची भीती असते म्हाताऱ्या माणसांना, बटण चुकलं तर कुठे जाऊन उभी राहीन असं वाटतं पण बोलत नाहीत. बटण त्यांनाच दाबू द्या. मग संध्याकाळची एक वेळ ठरवा, रोज तीच, खाली बसायची. दोघी बसायला लागल्या की तिसरी येतेच. आणि दिवसा आतलं दार उघडं ठेवून फक्त सेफ्टी डोअर लावा, त्यांची खुर्ची खिडकीपासून काढून दारासमोर आणा. खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं हो, दारातून निदान येणारा-जाणारा दिसेल, कचरेवाला, शेजारची शाळेतून येणारी पोरं. लोक आधी बघतील, मग बोलतील.

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. "पाहुण्यांकडे आल्यासारखं" हे त्या उगाच बोललेल्या नाहीत. पाहुण्याला आपण काम सांगत नाही, बसा म्हणतो. नवीन घरात आपण प्रेमापोटी तेच करतो, आई आता आराम करा, एवढं केलंत आयुष्यभर. मग त्या कुठे हात घालणार? नवीन किचनमधल्या ट्रॉल्या कोणी लावल्या? तुम्हीच ना? एक कप्पा, जमलं तर ओट्याजवळचाच, पूर्ण त्यांना द्या, त्यांच्या हाताला जसं येतं तसं त्यांनाच लावू दे, चहा-साखरेचे डबे, मिसळणाचा डबा, आणि तुम्हाला ते विचित्र वाटलं तरी हलवू नका. जुनी मांडणी अजून भंगारात दिली नसेल तर बाल्कनीत का होईना उभी करा. आणि एक काम असं द्या की त्यांनी ते नाही केलं तर घराचं अडेल, विरजण लावणं असेल, भाजी निवडणं असेल, देवाचं असेल. ते तुम्ही मागून परत करू नका, कमी-जास्त झालं तरी चालवून घ्या.

झोप आणि जेवण मात्र हलक्यात घेऊ नका. हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा वजन उतरलं, कशातच मन नाही असं दिसलं, तर डॉक्टरकडे न्या, म्हातारपणातलं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःही फोन करून विचारू शकता.

प्रश्न: मी बंगलोरला जॉब करतो, तीन वर्षांत तिसरा भाड्याचा फ्लॅट. कुठेच घरासारखं वाटत नाही. लोन काढून स्वतःचा घ्यावा का?
– एक वाचक, मूळ गाव सांगली

उत्तर: फक्त या कारणासाठी नको. वीस वर्षांचा हप्ता लागला म्हणून शेजारी ओळखीचा होत नाही, वरचं उत्तर वाचा, त्यांचं घर तर स्वतःचंच आहे. पुढच्या वेळी फ्लॅट बदललात तरी एरिया बदलू नका, मग वाणी, इस्त्रीवाला, नाश्त्याचं हॉटेल तेच राहील. चार वाक्यं कानडी शिका, सांगलीच्या माणसाच्या कानावर कानडी असतेच. गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे तिथे जाऊन बघा. आणि बॅगा पूर्ण उघडा, निम्मं सामान खोक्यात ठेवून राहताय असा माझा अंदाज आहे. कुकर घ्या, रविवारी दोन जणांना जेवायला बोलवा, आमटी बिघडली तरी बोलवा.