घरी ग्लूने लावलेली नकली नखं खरी नखं न बिघडवता कशी काढायची?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात लग्न आहे, पार्लरचा खर्च नको, घरीच ग्लूने नखं लावायची आहेत, चारेक दिवस टिकावीत आणि नंतर खऱ्या नखांना धक्का न लागता निघावीत. शेवटी लिहिलंय, "आई म्हणते याने नखं कायमची जातात." मी खरं तर त्या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले.

आईंना सांगा, लावल्याने जात नाहीत, ओढल्याने जातात, आणि तीही कायमची नाही. हे मला माझ्या उजव्या तर्जनीने शिकवलंय.

डिसेंबर २०१९, धाकट्या दिराचं लग्न, औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर. आदल्या आठवड्यात मेन रोडवरून दीडशे रुपयांना चोवीस नखांची डबी आणली, सोबत ग्लूची करंगळीएवढी ट्यूब. नखं कशी लावली ते सविस्तर सांगते, कारण ती मी उत्तम लावली होती आणि तेच पुढे अंगाशी आलं.

लग्नाच्या आदल्या रात्री सगळी आवराआवर झाल्यावर बसले. लावायला रात्रच बरी, पुढचे निदान दोन तास हाताला पाणी लागता कामा नये. जुनी नेलपेंट पुसली, हात साबणाने धुतले, नखं बारीक कापली. मुळाशी नखावर चढलेली कातडी धुतल्यावर मऊ असते, तेव्हाच ती लाकडी काडीने हळूच मागे सारली, मग हात नीट कोरडे केले. बफर (नख घासायचा खरखरीत ठोकळा) एकदोनदाच फिरवला, नुसती चकाकी जाईपर्यंत. काही मुली इथे सहाण घासल्यासारखं घासतात आणि नंतर ग्लूला शिव्या देतात. मग मेडिकलमधल्या अल्कोहोल स्वॅबने एकेक नख पुसलं. ही पायरी गाळली की दुसऱ्या दिवशी नख वरणात सापडतं. तेलकट नखावर ग्लू धरतच नाही.

दहा बोटांची दहा मापं आधीच जुळवून ताटात ओळीने मांडून ठेवा. ग्लू उघडल्यावर शोधाशोध नको. दोन मापांत अडलं तर मोठं घ्या आणि कडा फायलरने, म्हणजे नखाच्या कानशीने, घासून बसवा. लहान नख दामटून बसवलं की दोन्ही बाजूंनी ताण येतो आणि ते सुटतं. थोडा ग्लू खऱ्या नखावर, थोडा नकलीच्या आतून. मुळाच्या बाजूने तिरकं टेकवायचं आणि टोकाकडे दाबत न्यायचं म्हणजे आतली हवा निघून जाते. मग अर्धा मिनिट तरी तसंच धरून ठेवायचं. कातडीपासून केसभर अंतर सोडायचं.

एक गोष्ट डब्यांवर ठळक लिहायला हवी. बाहेर आलेला ग्लू कापसाने पुसू नका. हा ग्लू सायनोॲक्रिलेट जातीचा. कापसाला किंवा सुती कापडाला लागला की झपाट्याने घट्ट होतो आणि होताना तापतो, चांगला चटका बसेल इतका. माझ्या सुती गाऊनवर एक थेंब पडला होता. मांडीवरचा लाल डाग सगळं लग्न उरकेपर्यंत होता.

लग्नात एकही नख हललं नाही. अक्षता, पंगत, नवरीच्या शालूला पिना लावणं, सगळं त्या नखांनी केलं. नवरीच्या मावशीने विचारलं, कोणत्या पार्लरमध्ये केलीस. अजून आठवतं मला.

दुसऱ्या दिवशी सिडकोत घरी सत्यनारायण. प्रसादाचा शिरा माझ्याकडे, सव्वा किलो रवा. सकाळी कढई चढवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "ही नखं घेऊन प्रसादाला हात लावायचा नाही." याबद्दल माझं त्यांच्याशी आजही काही म्हणणं नाही. नकली नखाखाली रवा, कणीक, साबण सगळं अडकतं, आणि एखादं सुटून शिऱ्यात पडलं तर ते कोणाच्या द्रोणात जाईल हे त्या सत्यनारायणालाच माहीत. मी म्हटलं, काढते, मला कोमट पाणी आणि वीस मिनिटं द्या.

तेवढ्यात आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या. "वीस मिनिटं? अगं, गुरुजी दारात आहेत. आण इकडे हात."

आधी त्यांनी स्वतःचा नेलपेंट रिमूव्हर ओतला. तो ॲसिटोन नसलेला. त्याने रंग निघतो, ग्लू जागचा हलत नाही. मग अंबाड्यातला आकडा काढला. हॉलमध्ये नवरीकडची माणसं बसलेली, त्यामुळे मला ओरडायचीही सोय नव्हती. आकडा नकली नखाखाली घातला आणि उचकटलं. करंगळीचं निघालं, अंगठ्याचं निघालं. तर्जनीचं निघालं ते माझ्या नखाचा वरचा पापुद्रा सोबत घेऊन. खाली राहिलं ते कागदासारखं, दाबलं की आतला लाल रंग दिसायचा. उरलेली सात नखं तशीच राहिली आणि शिरा मीच हलवला. प्रसाद चांगला झाल्याचं सगळे म्हणाले, त्या बोटाला कढईची वाफ कशी लागत होती ते मला माहीत.

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे एकावर एक घट्ट बसलेले थर. वरचा थर ओढून निघाला की तो जागेवर भरून येत नाही, मुळापासून नवं नख पुढे सरकत यावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला सहाएक महिने. गंगापूर रोडवरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलं आणि नुसतं तेल लावून वाट बघायला लावली. तिखट, लिंबू, भांड्यांची पावडर, आणि मार्च २०२० पासून वर सॅनिटायझर, सगळं त्या बोटाला झोंबायचं. जूनमध्ये नख पूर्ण आलं. लॉकडाउनमुळे बघायला घरचीच माणसं. जाऊबाईंनी बोट निरखलं आणि म्हणाल्या, "बघ, नखांना मोकळा श्वास मिळाला ना!"

नखं श्वास घेत नाहीत, ताई. बाहेर दिसतं ते नख मेलेलं असतं, म्हणून तर कापताना दुखत नाही. त्याला लागणारं सगळं मुळाशी रक्तातून येतं. "नखांना श्वास घेऊ द्या" हे वाक्य ज्याने काढलं त्याच्यामुळे आकड्याने उचकटणारे सुटतात आणि डबी विकणारे अडकतात.

आता काढायचं. मोठ्या भांड्यात सोसेल इतकं कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब आणि चमचाभर खोबरेल. बोटं त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून बसा. थंडीत लग्न असेल तर आपल्याकडे पाणी पाच मिनिटांत गार होतं, म्हणून शेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवा आणि हात बाहेर काढून भर घालत राहा. मग नखाच्या बाजूने, टोकाकडून नाही, लाकडी काडी अलगद सरकवा. जिथे फट दिसेल तिथे तेलाचा थेंब सोडा आणि नख डावीउजवीकडे हलवा. वर उचलायचं नाही. हाताला जोर लावावा लागतोय म्हणजे अजून भिजायचंय, एवढंच समजा आणि परत बुडवा. माझ्या उरलेल्या सात नखांसाठी त्या दिवशी पूजा झाल्यावर तीनदा पाणी बदललं. त्या सातांपैकी एकाही खऱ्या नखाला ओरखडा नव्हता. माझा मुद्दा इथेच सिद्ध होतो, पण आमच्या घरात तो कोणी ऐकून घेत नाही.

पाण्याने नाहीच निघालं तर ॲसिटोन. बाटलीवर ॲसिटोन लिहिलेलं वाचून घ्या. नकली नख शक्य तितकं आखूड कापा, वरची चकाकी फायलरने घालवा, भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि पंधरा मिनिटं थांबा. (इथे कापूस चालतो, ओला ग्लू आणि कापूस एकत्र चालत नाही.) नकली नखाचं प्लास्टिक यात चिकट लगदा होतं, म्हणजे ती नखं परत वापरायची आशा सोडा. लगदा काडीने ढकलायचा, खरवडायचा नाही. आणि हे देवघराजवळ बसून करू नका. ॲसिटोन चटकन पेट घेतं, समई, उदबत्ती, गॅस काही जवळ नको. नंतर हात धुऊन तेल.

राहिलेला पातळ ग्लू खऱ्या नखावर दिसत असेल तर तो काही दिवसांत आपोआप जाईल. ब्लेडने काढायला बसू नका. हेही मी पाहिलेलं आहे, कोणी केलं ते सांगत नाही.

तुमच्या लग्नासाठी एक क्रम मात्र पाळा, हे पार्लरवाल्याही सांगत नाहीत. आधी मेंदी, कारण मेंदी रंगायला निलगिरीचं तेल लावतात आणि तेलावर ग्लू सुटतो. मग चुडा. कासार हात दाबूनच बांगड्या चढवतो, नखं आधी लावली तर दोन तिथेच जातील. मग हळद, नाहीतर फिकट गुलाबी नखं पिवळी होतील आणि पाठवणीच्या फोटोत कावीळ झाल्यासारखी दिसतील. हळदीचा हात स्वच्छ धुऊन, रात्री, नखं. म्हणजे तुम्हाला चार नाही, दोनच दिवस टिकवायची आहेत. दोन दिवसांना ग्लूऐवजी नखांसोबत मिळते ती दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही पुरते आणि निघतेही लवकर. पण तुम्ही भांडी घासणार असाल तर नाही. (नवरीने घासू नयेत, पण घरं माहीत आहेत मला.)

फेविक्विक चालेल का, हेही विचारलंय. जात तीच, सायनोॲक्रिलेट, पण ते घरातल्या तुटक्या वस्तूंसाठी आहे, अंगासाठी नाही. नको.

आणि हे आधी सांगायला हवं होतं. नख आधीच सुटलेलं, बुरशीचं किंवा जखम झालेलं असेल तर त्यावर काहीही लावू नका. नकली नख एका बाजूने उचललं गेलं तर वरून ग्लू ओतून बुजवू नका, आत पाणी साचतं आणि नखावर हिरवट डाग पडतो. लोक त्याला बुरशी म्हणतात, बहुतेक वेळा तो स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असतो. नख काढून डॉक्टरांना दाखवा. ग्लूने बोटं एकमेकांना चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात धरा, हिसका देऊ नका. भोवती खाज, सूज, फोड आले तर ती ॲलर्जी, परत लावू नका. आणि घरात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर ग्लू डोळ्यांच्या थेंबांच्या आसपासही ठेवू नका, बाटल्या सारख्याच दिसतात. डोळ्यात गेलाच तर पाण्याने धुवा, पापण्या ओढू नका, थेट दवाखाना.

गेल्या मार्चमध्ये पुतणीचा साखरपुडा झाला. पुतणी म्हणजे याच जाऊबाईंची मुलगी. तिने नखं माझ्याकडूनच लावून घेतली. दुसऱ्या दिवशी काढायला बसलो, पातेल्यात कोमट पाणी, खोबरेल, सगळं. जाऊबाई पलंगावर बसून बघत होत्या. पहिलं नख पाण्यातच सुटून वर तरंगलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे गं, पण तेव्हा गुरुजी दारात होते."

गुरुजी त्या दिवशी पाऊण तास उशिरा आले होते. शिरा तोवर गार झाला होता आणि मी तो परत गरम केला होता.