ऑस्ट्रेलियातल्या के'गारी बेटावर (आधीचं फ्रेझर आयलंड) आईबाबांना घेऊन चालण्याजोगे ट्रेल कुठले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ऑगस्टमधे आईबाबा पुण्याहून ब्रिस्बेनला येतायत, मुलगी आठ वर्षांची आहे, के'गारीसाठी तीन दिवस काढलेत, ओळखीतले सगळे सांगतायत की फोर व्हील ड्राइव्ह घ्या आणि बीचवर पळवा, आणि तुम्हाला मात्र चालायचंय. मी इथे ब्रिस्बेनमधेच असतो, पाहुणे आले की त्यांना घेऊन तिकडे जाणं होतंच, म्हणून लिहितो. माझं स्पष्ट मत, चाला. गाडी लागेलच, तिथे डांबरी रस्ता नाही, पण गाडी फक्त ट्रेलच्या तोंडापर्यंत जायला. सेव्हन्टी फाइव्ह माइल बीचवर ऐंशीच्या स्पीडने गाडी हाणली, मग ते गंजलेलं माहेनो जहाज (१९३५ साली वादळात किनाऱ्याला लागलं ते), मग एलाय क्रीकमधे डुंबणं, झालं बेट, असं करून लोक परत येतात आणि बेटाच्या पोटात काय आहे ते बघतच नाहीत.

(उच्चार 'गारी' असा करा, 'क' जवळजवळ गिळायचा. जून २०२३ पासून सरकारदरबारी हेच नाव आहे, तिथल्या मूळच्या बुचुल्ला लोकांचं. जुन्या पाट्यांवर, जुन्या ब्लॉगवर फ्रेझर दिसेल, गोंधळू नका.)

तर पोटात काय आहे? अख्खं बेट वाळूचं. १२२ किलोमीटर लांब, काही टेकड्या दोनशे मीटरच्याही वर, आणि दोन-चार ठिकाणचे खडक सोडले तर खाली नुसती वाळूच, आणि त्या वाळूवर चक्क वर्षावन उभंय. वाळूत कसली आलीयत पोषकद्रव्यं, पण समुद्राच्या वाऱ्यातून थोडं थोडं येत राहतं, मुळांवरच्या बुरश्या ते झाडाला मिळवून देतात, पडलेला पाला कुजून त्यात भर पडते, आणि असं लाखो वर्षं चालत आलंय. सगळ्यात उंच जंगल किनाऱ्याला नाही तर मधल्या टेकड्यांच्या आडोशाला आहे, जिथे खारा वारा कमी आणि पाऊस जास्त. म्हणून म्हणतो मधे शिरा.

सुरुवात सेंट्रल स्टेशनपासून करा. स्टेशन म्हणजे रेल्वे नाही हां, लाकूडतोडीच्या काळातली फॉरेस्टवाल्यांची वसाहत होती तिथे. १८६० च्या दशकापासून थेट १९९१ पर्यंत तोड चालू होती, पुढच्याच वर्षी बेट जागतिक वारशात गेलं. इथलं सॅटिनाय नावाचं झाड खाऱ्या पाण्यातल्या किडीला दाद देत नाही म्हणून त्याचं लाकूड पार सुएझ कालव्याच्या कामाला गेलं होतं. आता तिथून वांगूल्बा क्रीकच्या कडेने लाकडी फळ्यांची वाट आहे, जेमतेम किलोमीटरभर, आईबाबांना अगदी आरामात जमेल. घाई मात्र करू नका. तो ओढा वाहतो पण आवाज करत नाही, कारण तळाला दगड नाहीत, नुसती पांढरी वाळू, आणि पाणी इतकं नितळ की एखादं पान तरंगत पुढे सरकलं की मगच कळतं इथे पाणी आहे. माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा ओढा कोरडाच वाटला होता, वाकून हात घातला तेव्हा पटलं. काठाला किंग फर्न आहेत, एकेक पान माणसापेक्षा लांब, ती दाखवा मुलीला.

तिथून पुढे पाइल व्हॅलीकडे वाट जाते, तिथे जुने सॅटिनाय उभे आहेत, मान दुखेपर्यंत वर बघायचं. आईबाबांचे गुडघे ठीक असतील तर तेवढं करून परत सेंट्रल स्टेशनला या, डबा खा, आणि मग तुमच्यातला एकजण आईबाबांना गाडीने लेक मॅकेन्झीला घेऊन जाऊ दे आणि दुसरा मुलीला घेऊन बेसिन लेकवरून चालत मॅकेन्झीला पोचू दे. साधारण साडेसहा किलोमीटर आहे, चढ-उतार किरकोळ, बहुतेक वाट सावलीतली. लहान मुलं यात कंटाळत नाहीत कारण जंगल सारखं बदलत राहतं, आधी ताडासारखी पिकाबीन पाम, मग उंच निलगिरी, मग एकदम उघडी झुडपं आणि समोर तळं.

मॅकेन्झीचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, पांढरीशुभ्र वाळू आणि निळं पाणी. फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे गर्दी. भर दुपारी टूरच्या बसेस येतात तेव्हा नुसती जत्रा असते, म्हणून एकतर सकाळी लवकर नाहीतर तीन-साडेतीननंतर जा. या तळ्याला ना ओढा येऊन मिळतो ना झरा, सगळं पाणी पावसाचं, आणि वाळूत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा घट्ट थर बसलाय म्हणून ते खाली झिरपत नाही. जगात अशी जेवढी वाळूवरची तळी आहेत त्यातली निम्मी या एका बेटावर आहेत. पाणी येऊन-जाऊन नसल्यामुळे त्यात गेलेलं काही वाहून जात नाही, तेव्हा साबण नको, आणि अंगभर सनस्क्रीन थापून लगेच उडी मारू नका. ऑगस्टमधे पाणी गार असतं, बाबा पाय बुडवून परत येतील, मुलगी बाहेर निघणार नाही.

आणि एक महत्त्वाचं, तळ्याकाठी खायला बंदी आहे. पाण्याशिवाय काहीच न्यायचं नाही. आपल्याकडे तळं दिसलं की चटई अंथरून डबे उघडायचे हे ठरलेलं, त्यामुळे आईला आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे मेथीच्या लाडवांवरून वाद होतात (आमच्याकडे झालाय). कुंपण घातलेली वेगळी जागा आहे, खाणं तिथेच. हे सगळं डिंगोंमुळे, म्हणजे तिथल्या जंगली कुत्र्यांमुळे.

डिंगोंबद्दल जरा गंभीरपणे वाचा. दिसायला आपल्या गल्लीतल्या पिवळ्या कुत्र्यासारखा असतो आणि तीच गोची आहे, आपल्या लोकांना त्याची भीतीच वाटत नाही, लगेच बिस्कीट काढतात. खायला घातलंत तर जबर दंड आहे, आणि दंड जाऊ दे, माणसाकडे खाणं असतं हे कळलेला डिंगो धीट होतो आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. २००१ मधे इथेच नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेलाय. मुलीला कायम हाताच्या अंतरावर ठेवा, चार पावलं पुढे पळू द्यायचं नाही, बीचवर शर्यत वगैरे अजिबात नको कारण पळणारं दिसलं की तो मागे लागतो. एकत्र चाला, हातात काठी असू दे. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, ताठ उभं राहून त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. खाणं, कचरा, अगदी रिकामा डबासुद्धा गाडीत बंद.

आता माझा सगळ्यात लाडका ट्रेल, लेक वॅबी. तीन दिवसांत एकच जमणार असेल तर हाच, मॅकेन्झी राहिलं तरी चालेल. पूर्वेच्या बीचवर गाडी लावायची, तिथून एका बाजूने साधारण अडीच किलोमीटर. आधी झुडपांतून, थोड्या चढाची वाट, मग झाडी एकदम संपते आणि तुम्ही हॅमरस्टोन सँडब्लोवर येता, म्हणजे उघड्या वाळूचं पसरलेलं रान, पाऊलखुणासुद्धा वाऱ्याने पुसलेल्या. ती पार केली की पलीकडच्या टोकाला वाळू तीव्र उतारावरून सरळ हिरव्यागार पाण्यात उतरते. हा ढिगारा हलतोय, वर्षाला साधारण मीटरभर, आणि तो तळ्याला आणि जंगलाला गिळत चाललाय. कडेला बघा, वाळूतून नुसते वाळलेले शेंडे वर आलेले दिसतील, त्याखाली अख्खी झाडं गाडलेली आहेत. एक दिवस तळं बुजणार हे ठरलेलंच. बेटावरचं हे सगळ्यात खोल तळं आणि यात मासेही आहेत, काठाशी कॅटफिश फिरत असतात.

इथे एकच मूर्खपणा करायचा नाही, उतारावरून पळत येऊन पाण्यात सूर मारायचा नाही. कितीतरी जणांनी मान आणि मणका मोडून घेतलाय, आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत तिथे मदत कसली. मुलीला आणि विशेषतः तुमच्या मित्रमंडळींपैकी कोणी उत्साही सोबत असेल तर त्याला, आधीच बजावा. परतताना वाळूवर सावली शून्य, त्यामुळे सकाळी जा, टोपी आणि पाणी भरपूर. जड ट्रेकिंग बूट नकोत, वाळू भरून नुसते वजन वाढतं, साधे हलके बूट घाला. सह्याद्रीत राजगड-तोरणा केलेला माणूससुद्धा मऊ वाळूत अडीच किलोमीटरला पिंडऱ्या धरतो, तेव्हा अंतर कमी दिसतंय म्हणून आईबाबांना गृहीत धरू नका. त्यांना नसेल जमत तर आतल्या रस्त्याने वॅबीच्या लुकआउटला न्या, तिथून थोडं चाललं की वरून तळं आणि वाळू दोन्ही दिसतं.

बेटावर जायला हर्वे बेजवळ रिव्हर हेड्सहून बार्ज (गाड्या नेणारी सपाट बोट) पकडा, ती बेटावर किंगफिशर बेला किंवा वांगूल्बा क्रीकला उतरवते. रेनबो बीचकडून इन्स्किप पॉइंटलाही बार्ज आहे आणि ब्रिस्बेनहून ते जवळ पडतं, पण त्या बाजूला बार्जपाशीच वाळू फार मऊ, पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे शिकू नये. गाडीचं परमिट ऑनलाइन आधी काढायचं, कॅम्पिंगचं वेगळं. टायरची हवा कमी करायची. आतले रस्ते एका वेळी एकच गाडी जाईल एवढे अरुंद, वाळूचे, कमाल स्पीड तीस, म्हणजे नकाशावर दहा किलोमीटर दिसले तरी अर्धा-पाऊण तास धरा, आणि हादरे इतके बसतात की आईच्या कंबरेचा विचार करून मधे थांबे घ्या. बीचवर जाताना भरतीचं वेळापत्रक बघूनच निघायचं, भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास गाडी काढायची नाही. वॅबीचा प्लॅन यावरच ठरतो, त्यामुळे कुठल्या दिवशी कुठला ट्रेल हे मी सांगत नाही, ते त्या आठवड्याची ओहोटी सांगेल. समुद्रात पोहायचं नाही, शार्क आहेत आणि ओढही जबरदस्त आहे, पोहायला तळी आहेतच.

शेकोटीचं पण लक्षात ठेवा, २०२० मधे एका बेकायदा शेकोटीमुळे निम्म्याहून जास्त बेट जळालं होतं. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही पेटवायचं नाही, चहाला गॅसची शेगडी घ्या.

तुम्ही ग्रेट वॉकचंही विचारलंय. डिल्ली व्हिलेज ते हॅपी व्हॅली, नव्वद किलोमीटरपर्यंत, सहा-आठ दिवस, पाठीवर तंबू. आईबाबा परत गेल्यावर करा, या ट्रिपमधे ते डोक्यातून काढा. सेंट्रल स्टेशन ते मॅकेन्झीची जी वाट वर सांगितली ती त्याच वाटेचा तुकडा आहे, म्हणजे चव कळेलच.

आणि समजा आईबाबा गाडीचे हादरे ऐकूनच नको म्हणाले, तर बेटाचा हट्ट सोडा. रेनबो बीच गावातच कार्लो सँडब्लो आहे, साध्या गाडीने पार्किंगपर्यंत जाता येतं, तिथून सहाशे मीटर जंगलातून चाललं की मोठी उघडी वाळू आणि खाली समुद्र. तोही ग्रेट सँडी नॅशनल पार्कच्याच कूलूला भागात आहे. ऑगस्ट आहे तर हर्वे बेमधे हंपबॅक व्हेलही आलेले असतात, बोटीचं तिकीट काढून आईबाबांना तिकडे बसवा आणि त्या दिवशी तुम्ही मुलीला घेऊन बेटावर एका दिवसाच्या टूरने जाऊन या. टूर घेतलीत तर बुकिंगआधी एवढं विचारा की सेंट्रल स्टेशनला किती वेळ थांबणार, वीस मिनिटं म्हणाले तर दुसरा बघा.