म्युनिकचा दैनिक भत्ता आणि बेसा येथील गृहकर्ज

नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या वाचकांचा प्रश्न असा आहे: कंपनी त्यांना एप्रिलच्या सुरुवातीपासून पाच महिन्यांसाठी म्युनिकला पाठवत आहे. राहण्याची सोय कंपनीची आहे, पगार नागपुरात जमा होत राहील आणि शिवाय रोज ६० युरो भत्ता मिळेल. त्यातले १५ युरो खर्च करून ४५ शिल्लक टाकायचे आणि एका युरोला शंभर रुपये धरून जमणारे पावणेसात लाख नागपूरजवळच्या बेसा येथील फ्लॅटच्या कर्जात भरायचे, असा त्यांचा बेत आहे. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहेत, मुलगी चार वर्षांची आहे. दोघींना पाचही महिने सोबत न्यावे की नागपुरातच ठेवावे, हेही त्यांनी विचारले आहे.

आपल्या हिशेबात सर्वांत कच्चा आकडा १५ युरोंचा आहे. पहिले काही दिवस प्रत्येक वस्तूची किंमत मनात शंभराने गुणली जाते आणि माणूस वरणभातावर दिवस काढू लागतो. परंतु दिवसभर काम करून परतणाऱ्या माणसाला हे पाच महिने झेपत नाही, आणि पोट मारून साठवलेल्या पैशाला मी बचत म्हणत नाही. सकाळ-संध्याकाळचे जेवण घरी, दुपारचे कार्यालयाच्या उपाहारगृहात, महिन्याचा प्रवास पास, फोन आणि सुटीच्या दिवशी थोडे फिरणे धरले, तर रोजचे २७ युरो मला वास्तव वाटतात. डॉइचलांड तिकीट हा पास जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोंना मिळतो आणि त्यावर शहरातील बस, मेट्रो तसेच देशभरातील प्रादेशिक गाड्या चालतात. मात्र तो आपोआप पुढे चालू राहतो, म्हणून शेवटच्या महिन्याच्या १० तारखेपूर्वी तो रद्द करण्यास विसरू नये. रविवारी दुकाने बंद असतात आणि बव्हेरियात एरवीही रात्री आठला दारे लागतात, त्यामुळे शनिवारी किराणा भरला नाही तर रविवारचे जेवण हॉटेलच्या दराने पडते. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. विकतच्या पाण्याच्या बाटलीवर बहुधा २५ सेंट अनामत असते, ती रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकल्यावर परत मिळते. मसाला आणि पापड सोबत घ्यावेत, पण तूप, खवा, पेढे नेऊ नयेत, कारण युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे.

आता कराकडे वळू. कामाच्या दौऱ्यावर रोजच्या खर्चासाठी मिळणारा भत्ता नव्या करप्रणालीतही करमुक्त आहे, परंतु प्रत्यक्ष खर्च झाला तेवढाच. आपण आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात राहणार असल्याने येथील निवासीच ठराल आणि वाचलेली रक्कम पगारात मिळवली जाईल. रोज ३३ युरो वाचले तर १५० दिवसांत सुमारे ५ लाख रुपये होतात. आपण कळवलेल्या १८ लाखांच्या पगारावर ते चढवले, तर काही भाग २० आणि काही २५ टक्क्यांच्या टप्प्यात जाऊन उपकरासह सुमारे १ लाख १६ हजार कर लागेल. हाती राहतील ३ लाख ८४ हजार. खर्च दाखवायचा तर पावत्या हव्यात. माझ्या एका अशिलांनी त्या चिवड्याच्या रिकाम्या डब्यात तारखेप्रमाणे नीट रचून आणल्या होत्या, पण डबा उघडला तेव्हा अर्ध्या पावत्यांवरची अक्षरे उडून नुसते पांढरे कागद उरले होते. दुकानाच्या यंत्रातली पावती हाती येताच तिचा फोटो काढावा.

कार्ड वापरताना यंत्राने रुपये की युरो असे विचारले, तर नेहमी युरो निवडावेत. येथील बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय व्यवहारामागे साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून किराण्यासाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, बरे.

कुटुंबाला पाचही महिने नेऊ नये, असे माझे मत आहे. वहिनींचा २८ हजारांचा पगार पाच महिने बुडेल, आणि बिनपगारी रजेनंतर खासगी शाळेत तीच जागा राहीलच याची खात्री कोणी देत नाही. परंतु त्यांना अजिबात न नेणेही मला पटत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. मे-जूनमधील सहा आठवडे दोघी रजा न काढता येऊ शकतात. त्यांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांत चालणारा सामाईक व्हिसा, पुरेल. त्याचे शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, सहा वर्षांखालील मुलांना नाही, आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तिकिटे, व्हिसा आणि विमा मिळून २ लाख, तर तिथला वाढीव खर्च ८५ हजार धरावा. हा खर्च कुटुंबाचा असल्याने भत्त्याच्या करमुक्तीत मोजला जाणार नाही, म्हणून वरचा कर तसाच राहील.

म्हणजे पावणेसात लाखांच्या जागी आपल्याकडे सुमारे १ लाख उरतील. तरीही मी हाच मार्ग सुचवतो, कारण चार वर्षांच्या मुलीपासून पाच महिने सलग दूर राहण्याची किंमत या हिशेबात कुठेच दिसत नाही. तो १ लाखही कर्जात भरू नये. आपला मासिक हप्ता ४१ हजारांचा आहे आणि अडीनडीसाठी ठेवलेली रक्कम जेमतेम १ लाख २० हजार, म्हणजे तीन हप्तेसुद्धा पुरत नाहीत. आधी ती वाढवावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याला दंड नसतो, तेव्हा ते पुढच्या वर्षीही करता येईल.

तिकिटे काढण्यापूर्वी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: भत्त्याच्या हिशेबासाठी कोणत्या पावत्या लागतील, दिलेल्या घरात सहा आठवडे कुटुंब राहिलेले चालेल का, आणि जर्मनीत वेगळी सामाजिक सुरक्षा वर्गणी भरावी लागू नये म्हणून भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून घ्यावयाचे प्रमाणपत्र कंपनी काढून देणार आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर वेगळ्या घराच्या भाड्यासह हा हिशेब मला पुन्हा पाठवावा.