पान उलटायचं राहिलं

पत्र एका वडिलांचं आहे. मुलगी सोळा वर्षांची. प्रश्न एका ओळीचा: 'तिला वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या निवासी वर्गाला घालू की अभियांत्रिकीच्या?' उरलेली साडेतीन पानं तक्रारींची. मुलगी हुशार आहे पण आळशी आहे, वह्या हरवते, सांगितलेलं विसरते, अभ्यासाला बसली की दहा मिनिटांत खिडकीबाहेर बघत बसते. त्यावर केलेले उपायही दिले आहेत: मोबाइल काढून घेतला, बॅडमिंटन बंद केलं आणि रोज संध्याकाळी वडील घड्याळ लावून तिच्यासमोर बसतात.

तुमच्या पत्रातला एक प्रसंग मी तीनदा वाचला. गणिताच्या सहामाही पेपरात तिने पुढच्या पानावरची सगळी गणितं बिनचूक सोडवली. प्रश्नपत्रिका पाठपोट छापलेली होती, आणि मागची बाजू पूर्ण कोरी राहिली. तुम्ही लिहिता, 'पान उलटायचेही कष्ट नकोत.' अहो, आळशी मूल अवघड गणित टाळतं. हिने अवघड गणितं सोडवली आणि फुकटचे गुण पलीकडच्या बाजूला राहिले. तुम्ही रागावल्यावर ती म्हणाली, 'मला दिसलंच नाही.' तुम्हाला ती सबब वाटली. माझा मात्र त्या तीन शब्दांवर पूर्ण विश्वास आहे.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये. पण निवासी वर्गाचे पैसे भरण्याआधी तिला बाल व किशोर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि एडीएचडीसाठी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता) तपासून घ्या. हे नाव ऐकलं की वर्गभर धावणारा, बाकावर उभा राहणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो, म्हणून तिच्या बाबतीत ते कुणाच्या मनात आलं नसावं. चंचलता फारशी नसलेला, मुख्यतः अवधानाचा त्रास असलेलाही एक प्रकार असतो. शांत बसून हरवलेल्या मुली त्यात वर्षानुवर्षं निसटतात. लहान इयत्तांत हुशारीच्या जोरावर गुण पडत राहतात, अभ्यासाचा पसारा वाढला की एकदम कोसळतात, आणि घरच्यांना वाटतं की हिला वयाची हवा लागली.

तुम्ही माझं म्हणणं खोडून काढाल तेही मला ठाऊक आहे, कारण ते पत्रातच आहे: 'चित्र काढायला बसली की चार तास जागची हलत नाही. म्हणजे लक्ष आहे, इच्छा नाही.' हा गैरसमज मला रोज भेटतो, आणि थोडा दोष त्या नावाचाही आहे. नावात 'कमतरता' आहे. प्रत्यक्षात अडचण लक्षाच्या लगामाची असते. लक्ष कुठे लावायचं, कधी काढायचं, कंटाळवाण्या कामावर किती वेळ टिकवायचं, हा कारभार मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतो. तिथे डोपामाइन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांची देवघेव लागते आणि एडीएचडीत ती वेगळ्या पद्धतीने चालते. जे काम आवडीचं आहे, ज्याचं फळ तिथल्या तिथे दिसतं, तिथे लक्ष आपोआप खिळतं, इतकं की हाक मारलेली ऐकू येत नाही. ज्याचं फळ सहा महिन्यांनी मिळणार, तिथे लगाम हातातून सुटतो. चार तासांचं चित्र आणि न उलटलेलं पान एकाच मुलीचं असू शकतं. त्यात तिची इच्छा मोजायला जाऊ नका.

आता त्या घड्याळाबद्दल. समोर बसून मिनिटं मोजणारा बाप असला की तिचं अर्धं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे असणार, पुस्तकाला काय उरणार? अशी मुलं 'आळशी', 'बेफिकीर' हे इतक्या वेळा ऐकतात की पुढे तेच स्वतःला म्हणू लागतात. कित्येकांना त्याच्या जोडीला चिंता किंवा नैराश्यही येतं. ते घड्याळ आजच उचला. बॅडमिंटन उद्यापासून सुरू करा. दिवसभरात ती कमी पडत नाही अशी ती एक जागा होती, आणि तीच तुम्ही शिक्षा म्हणून काढून घेतलीत.

यासाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नसतो. तज्ज्ञ बराच वेळ बोलतात, घरच्यांना आणि शिक्षकांना वेगवेगळं विचारतात. तिच्या वयात अवधानाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लागतात. ती किमान सहा महिने आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांतली काही वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात. म्हणून दुसरीपासूनची प्रगतिपुस्तकं सोबत न्या. 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते' हा शेरा दरवर्षी असतो, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला त्याची लाज वाटते, डॉक्टरांना तो उपयोगी पडेल. नजर, ऐकणं, झोप, थायरॉइड, चिंता, वाचन-लेखनातली अडचण, हेही पाहिलं जाईल, कारण यांतलं काहीही एडीएचडीसारखं दिसू शकतं.

निदान झालंच तर औषधाच्या नावाने घाबरू नका. यासाठी नेहमी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध पहिल्यांदा तयार झालं 1944 साली. इतक्या वर्षांत त्याचे गुण आणि त्रास दोन्ही नीट कळले आहेत. परिणाम त्याच दिवशी दिसतो आणि काही तासांत ओसरतो. भूक कमी होते, झोप लांबू शकते, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब पाहत राहतात. ते सोसलं नाही तर ॲटोमोक्सेटिनसारखी औषधं आहेत, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात राहू द्या, आणि परीक्षेपुरती दुसऱ्याची गोळी हा प्रकार कधीच नको. औषधाने लगाम हातात येतो, घोडा चालवणं मात्र शिकावंच लागतं: काम तुकड्यांत पाडणं, डोक्यात न ठेवता लिहून डोळ्यांसमोर ठेवणं, पेपर हातात आला की आधी मागची बाजू बघणं. परीक्षेत जास्त वेळ मिळण्याची सोय आहे का, तेही शाळेला विचारा.

वैद्यकीय की अभियांत्रिकी, यावर आज मी मत देणार नाही. दोन्हीकडे एडीएचडी असलेली माणसं उत्तम काम करतात. पण तपासणीआधी तिला निवासी वर्गात पाठवायला माझा स्वच्छ विरोध आहे. पत्रभर तिला काय हवंय याचा एक शब्द नाही. पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं.

आणखी एक. तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात, 'मीही लहानपणी असाच होतो, वडिलांनी मारून सरळ केलं.' त्याच्या पुढेच आहे की पाच नोकऱ्या बदलल्या, बिलं भरायचं पत्नीच बघते, आणि हे पत्र दोन महिने अर्धवट पडून होतं. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, जवळजवळ उंचीइतका. मोठेपणी धावपळ आत जाते. बाहेरून माणूस शांत दिसतो, आत सतत घाई असते, कामं शेवटच्या क्षणावर येतात. वयाच्या 17 वर्षांपासून पुढे निदानाला पाच लक्षणंही पुरतात, आणि उपचार चाळिशीतही लागू पडतात. मारून तुम्ही सरळ झाला नाहीत, लपवायला शिकलात, असं मला वाटतं. तज्ज्ञांकडे वेळ घ्याल तेव्हा दोघांसाठी घ्या. मुलांच्या डॉक्टरांना मोठ्यांना तपासणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव विचारा, आणि तुमची जुनी प्रगतिपुस्तकं घरात कुठे असतील तर तीही शोधा.