तुमच्या सुट्टीत वहिनींना सुट्टी

पत्र: मी मूळची इंदूरची. गेली ११ वर्षे शारजातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. यजमानही तिथेच नोकरीला आहेत आणि मुलगा आठवीत आहे. दरवर्षी जुलैत शाळेला सुट्टी लागली की मुलाला घेऊन चार-पाच आठवडे इंदूरला येते. वडील टपाल खात्यात होते, ते आता नाहीत. ७४ वर्षांची आई दादा-वहिनींकडे असते. यंदा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा चुकत आहेत असे मला दिसले, म्हणून सगळ्या पट्ट्या नीट लावून मी लाल शाईने एक तक्ता लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. निघायच्या आदल्या रात्री मात्र मी आमटीतल्या मिठाबद्दल काही म्हणताच त्या म्हणाल्या, “ताई, महिनाभर येऊन आम्हाला शिकवू नका, वर्षभर आम्हीच असतो.” मी घरी नियमित पैसे पाठवते. सुट्टीत सासर-माहेर, देवास, महू, उज्जैन असे सगळीकडे धावते, विसावा एका दिवसाचाही मिळत नाही, आणि वर हे ऐकायचे. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिले तर फ्रिजवरचा तक्ता काढलेला होता. पुढच्या वर्षी येऊच नये असे वाटते, आणि दुसऱ्या क्षणी नोकरी सोडून कायमचे परत यावे असेही वाटते. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातला थकवा खरा आहे आणि त्याकडे मी वळणारच आहे, पण आधी वहिनींच्या वाक्याविषयी बोलते, कारण तुम्हाला टोचले आहे ते वाक्य. ते बोचरे आहे, बोलण्याची वेळही चुकलेली आहे, परंतु त्यात खोटे काही नाही. नोव्हेंबरात आईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देणे, तो मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या द्यायचा तरी तीन वेळा चष्मा काढायला लावून आईंना कॅमेऱ्यासमोर बसवणे, श्रावणी सोमवारचा उपास करू नका म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाची मनधरणी करणे, रात्री दोन वाजता न्हाणीघराचा दिवा लागला की जागे होऊन कानोसा घेणे, ही सगळी कामे तुम्ही शारजात वर्गावर असताना होत असतात आणि ती करणाऱ्या बाईला त्यासाठी रजा मिळत नाही. तुम्ही पैसे पाठवता ही मोठीच गोष्ट आहे, त्याविषयी मनात किंतु ठेवू नका. मात्र पैशांनी औषधे येतात, जागरण कोणी तरी करावेच लागते.

आता त्या तक्त्याविषयी. लाल शाई ही आपल्या व्यवसायाची सवय आहे, तिचा हेतू चांगला असतो, पण वह्यांमध्ये ती फक्त चुकीपाशी उतरते. ज्या बाईने वर्षभर हाताने गोळ्या काढून दिल्या, तिच्या स्वयंपाकघरात, दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सर्वांना दिसेल अशा जागी तुम्ही तिचे प्रगतिपुस्तक लावले, आणि तेही तिला एका शब्दाने न विचारता. गोळीची वेळ बदललेली दिसली तेव्हा “ही संध्याकाळी का देता?” एवढा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. डॉक्टरांनीच ती मधल्या काळात बदलली असेल, किंवा दुपारच्या गोळीने आईंना चक्कर येत असेल, किंवा खरोखरच चूक होत असेल. तिन्ही शक्यता आहेत आणि तिसरी असेल तर ती गंभीर आहे. म्हणून दादांना सांगून वहिनींसह आईंना डॉक्टरांकडे पाठवा, वेळा डॉक्टरांच्या हातून लिहून घ्या आणि तो कागद वहिनींना हवा तिथे ठेवू द्या. रक्तदाबाचे औषध हा नणंद-भावजयीच्या मानापमानाचा विषय होता कामा नये, हे दोघींनाही लागू आहे.

मुळात अडचण तुमच्या स्वभावात कमी आणि दिनदर्शिकेत जास्त आहे, असे मला वाटते. आखातातल्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात पडते, कारण तिथे तेव्हा बाहेर पाय ठेवणे नकोसे होते. इंदुरात मात्र तोवर पाऊस सुरू झालेला असतो, इथल्या शाळा उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्येच पुन्हा उघडलेल्या असतात, भाच्यांच्या चाचण्या असतात, दादांचे कार्यालय असते आणि श्रावणाचे सोवळे-ओवळेही येऊन ठेपलेले असते. म्हणजे सुट्टी तुमची असते, घराची नसते. कामाला जुंपलेल्या घरात महिनाभर मोकळा माणूस आला की त्याला घरातल्या त्रुटी दिसू लागतात, आणि कामात असलेल्यांना त्याचे मोकळेपण दिसू लागते.

यावर मला सुचणारा मार्ग एकच आहे: तुमच्या सुट्टीत वहिनींना सुट्टी द्या. पुढच्या जुलैचे तिकीट काढण्यापूर्वी त्यांना फोन करून विचारा की मी आल्यावर आठ-दहा दिवस तुम्हाला माहेरी जायचे आहे का, की दादांबरोबर कुठे फिरून यायचे आहे. “तुम्ही सांगाल त्या तारखा धरून मी येते,” असेही सांगा. त्या दिवसांत आईंचे, स्वयंपाकाचे, धुणेवालीचे, भाच्यांच्या डब्यांचे सगळे तुम्ही पाहा, आणि वहिनींनी घालून दिलेल्या पद्धतीनेच पाहा. मिठाचे प्रमाण बदलू नका, डबे इकडचे तिकडे करू नका. पहिल्यांदा विचाराल तेव्हा त्या बहुधा “कशाला उगाच” म्हणतील. ते उत्तर अंतिम समजू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. आठ दिवस एकटीने सांभाळल्यावर आईंच्या तब्येतीविषयी तुम्ही जे बोलाल त्याला वजन येईल, आणि दादांशी खर्चाच्या वा मदतनीस बाईच्या गोष्टी बोलायला हाती माहिती असेल.

तुमच्या थकव्याचे मात्र दुसऱ्या कोणी काही करणार नाही, ते तुम्हालाच करावे लागेल. शाळा बंद झाली त्याच रात्री विमान पकडण्याचा शिक्षकांचा जो प्रघात आहे तो सोडा. सगळ्या शाळा एकदम सुटतात म्हणून भाडेही त्याच आठवड्यात चढलेले असते. चार-सहा दिवस स्वतःच्या घरी पडदे ओढून झोपा, मग निघा. देवासची मावशी, महूचे काका आणि उरलेली सगळी मंडळी यांना एका रविवारी एकत्र बोलवा. पावसाळ्यात इंदुरी घरात भुट्ट्याचा कीस आणि पोहे-जिलबी असली की कोणी आढेवेढे घेत नाही, आणि जो येणार नाही त्याच्याकडे पुढच्या वर्षी जा. महाकालाला जायचे असेल तर श्रावणातला सोमवार टाळा, त्या दिवशी उज्जैनला सवारी असते आणि सगळा दिवस गर्दीतच जातो. सासर आणि माहेर यांचे दिवस निघण्यापूर्वीच वाटून दोन्हीकडे कळवा. अनिवासी झाल्यावर जुने बचत खाते एनआरओ (अनिवासींचे सामान्य खाते) करून घ्यावे लागते. ते राहिले असेल तर कागद आधी मागवून एका फेरीत उरका.

शिवाय जुलै हा एकच महिना आहे असे समजू नका. डिसेंबरच्या हिवाळी सुट्टीत आठवडाभर एकटीने या. गराडू (तळलेला कंद) खाण्याचे दिवस असतात आणि त्या वेळी कोणी तुमच्याकडून पाहुणचाराची अपेक्षा ठेवत नाही. किंवा आईंची तयारी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, हवा चांगली असताना, त्यांना महिनाभराच्या पर्यटक व्हिसावर शारजाला न्या. त्यासाठी प्रवासातला आरोग्यविमा हवा, आणि एक काळजी आवर्जून घ्या: आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारी काही वेदनाशामके व झोपेची औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत, तेव्हा आईंच्या औषधांची यादी तपासून, लागेल तिथे तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

कायमचे परत येण्याविषयी थोडक्यात सांगते. वहिनींच्या एका वाक्यावर नोकरी सोडू नये, हे तुम्हालाही कळते. परत आलात तरी तुम्ही स्वतःच्या घरी राहाल, आई दादांकडेच असतील, म्हणजे हा प्रश्न तसाच राहील. तरीही यायचे असेल तर हिशोबाने या. सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि दहावीत शाळा बदलणे कठीण असते, त्यामुळे मुलाच्या दृष्टीने एक तर येता एप्रिल, नाही तर दहावीनंतरचा एप्रिल सोयीचा आहे. दोन्ही देशांत सत्र तेव्हाच सुरू होते. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे सेवासमाप्तीची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या आणि पुढे ३० दिवसांच्या मूळ वेतनाएवढी असते; ११ वर्षांचे मिळून २८५ दिवसांचे, म्हणजे सुमारे साडेनऊ महिन्यांचे मूळ वेतन होते. इंदुरातल्या खासगी शाळांचा पगार त्यापुढे बराच कमी वाटेल, तेव्हा यजमानांबरोबर आकडे मांडा. आईंनाही विचारा, मुलीने त्यांच्यासाठी नोकरी सोडावी असे त्यांनी कधी म्हटल्याचे तुमच्या पत्रात नाही.

शारजात २०२२ पासून शुक्रवारीही सुट्टी असते. येत्या शुक्रवारी दुपारी, इथली जेवणे उरकली असतील अशा वेळी (इंदुरातले घड्याळ तुमच्यापेक्षा दीड तास पुढे असते, हे धरून), फोन आईंना न करता वहिनींना करा. तक्त्याबद्दल एका वाक्यात दिलगिरी सांगा, त्याचे स्पष्टीकरण देत बसू नका, मिठाचा विषय तर काढूच नका. मग नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याच्या वेळी दादांना सवड आहे का ते विचारा, आणि नसेल तर त्या दिवशी मोबाइल धरून आईंसमोर बसायला तुमच्या ओळखीतले कोण येऊ शकेल, ते तुम्ही शोधा.